बेचाळीस की चाळीस?

पांडुरंग वामन काणे यांच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड १९३० साली निघाला आणि शेवटचा १९६२ साली. साडेसहा हजारांवर पानं, त्यांत ठासून भरलेले संस्कृत आधार, आणि काम पुरं झालं तेव्हा चिपळूण परिसरात जन्मलेल्या या पंडिताचं वय होतं ८२. तरीही याच रत्नागिरी जिल्ह्यात आजी तेच तेच विचारू लागली किंवा आजोबा बागेतून घरी येताना वाट चुकले, की ‘आता वय झालं’ म्हणून विषय मिटतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तोंडावर असतेच. वयामुळे नाव आठवायला थोडा वेळ लागतो, हे खरं. पण आयुष्यभराच्या पायवाटेवर हरवणं, जेवून उठल्यावर ‘मला वाढलंच नाही’ म्हणणं, पोटच्या मुलाला ‘तू कुणाचा?’ असं विचारणं, हे वय नव्हे, हा आजार आहे. आणि आजार असेल तर तो नेमका कोणता, हे ओळखता आलं पाहिजे.

रत्नागिरीत हा प्रश्न अधिक टोचतो, त्याला कारण आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. १६ लाख ९७ हजारांच्या आसपास होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली. तरुण मुंबई-पुण्याला, मागे म्हातारी माणसं, त्यांतही बायका जास्त. भारतातल्या वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, की साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात ८८ लाख माणसं. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. चाकरमानी गणपतीला घरी येतो आणि त्याला पहिल्यांदा कळतं, की आईचं काहीतरी बिघडलंय. वाडीतल्यांना ते वर्षभर दिसत होतं, पण कुणी त्याला आजार म्हटलं नव्हतं.

स्मृतिभ्रंशाची कारणं अनेक. त्यांतलं सर्वांत मोठं म्हणजे अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत एका स्त्रीची हकिगत मांडली. पन्नाशीच्या सुरुवातीलाच तिची स्मृती ढासळली होती, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेली किटणं आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले होते. ही किटणं कशाची, हे कळायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला. १९८४ साली जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अशा रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून एक छोटं पेप्टाइड वेगळं काढलं. आज आपण त्याला अमायलॉइड बीटा म्हणतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. साखळी लांबली आणि घडी घालून बसली की प्रथिन. अमायलॉइड बीटा हा एका मोठ्या प्रथिनाचा कापून निघालेला तुकडा. हे कापणं रोग्याच्याच नव्हे, तुमच्याआमच्या सगळ्यांच्या मेंदूत चालू असतं. एक विकर एका टोकाला कापतं, दुसरं दुसऱ्या टोकाला, आणि हे दुसरं विकर दरवेळी त्याच जागी कापत नाही. बहुतेक वेळा ४० अमिनो आम्लांचा तुकडा पडतो, काही वेळा ४२ चा. फरक फक्त शेपटीचा: जास्तीचं एक आयसोल्युसिन आणि एक अ‍ॅलॅनिन. वजनात पाहिलं तर सुमारे ४३३० आणि ४५१४.

या दोन जास्तीच्या आम्लांना पाणी आवडत नाही. त्यामुळे बेचाळीसवाली साखळी पाण्यापासून अंग चोरते आणि आपल्यासारख्याच दुसरीला चिकटते. दोनाच्या चार होतात, चारांचे पुंजके, पुंजक्यांचे तंतू, तंतूंचं किटण. आज अनेक संशोधकांना तंतूंपेक्षा मधले छोटे पुंजके अधिक घातक वाटतात. पेशींच्या पटलांना तेच इजा करतात, असा त्यांचा कयास आहे. चाळीसवाली साखळी त्या मानाने मोकळी राहते. मेंदूत किटण साचू लागलं, की बेचाळीसवाल्या साखळ्या त्यात अडकून पडतात आणि मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात त्यांचं प्रमाण घटतं. माणसागणिक एकूण अमायलॉइड कमीजास्त असतं, म्हणून डॉक्टर बेचाळीस आणि चाळीस यांचं गुणोत्तर पाहतात. गुणोत्तर घसरलं, तर किटण साचत असल्याची दाट शक्यता. म्हणजे प्रयोगशाळेपुढचा प्रश्न असा: एकाच घरातल्या, चक्क चाळीस अमिनो आम्लं ओळीने सारखी असलेल्या दोन साखळ्या वेगवेगळ्या मोजून दाखवा.

हे आजही करता येतं. पण कुठे आणि कितीला, हे पाहिलं पाहिजे. एक मार्ग पाठीतलं पाणी काढून तपासण्याचा. त्याला भूल, निर्जंतुक खोली, सरावलेला हात आणि नमुना गोठवून पाठवायची सोय लागते. शिवाय ‘पाठीत सुई’ म्हटल्यावर घरचे मागे सरतात ते वेगळंच. दुसरा मार्ग पेट स्कॅनचा. त्यात किटणाला चिकटणारं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. या औषधांत बहुधा फ्लोरिन-१८ असतं आणि ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईत बनवलेली मात्रा रस्त्याने रत्नागिरीला आणायला सात-साडेसात तास धरले, तर ती वाटेत चारदा निम्मी होऊन सोळावा हिस्सा उरते. म्हणून औषध रुग्णाकडे जात नाही, रुग्णालाच औषधाकडे न्यावं लागतं. आणि ज्याला घरातली मोरी सापडत नाही अशा माणसाला रात्रीच्या गाडीने मुंबईला नेणं म्हणजे काय, ते नेणाऱ्यालाच विचारावं. तिसरा मार्ग रक्ताचा, आणि आता खरी आशा तिथेच आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. तिच्यात टाऊ नावाच्या प्रथिनाचा एक प्रकार आणि बेचाळीसवालं अमायलॉइड यांचं गुणोत्तर मोजतात. ही चाचणी प्रतिपिंडांवर चालते. साखळीचं नेमकं टोक ओळखणारी प्रतिपिंडं जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागतात, थंडीत जपावी लागतात, आणि ती वापरणारं यंत्र महागडं असतं.

मग प्रतिपिंडांशिवाय हे जमेल का? या प्रश्नातून चमकणाऱ्या नॅनोकणांचं शास्त्र या विषयाकडे वळलं.

आधी चमक म्हणजे काय ते स्पष्ट करू. थंडीत आरे-वारेच्या किनाऱ्यावर कधी कधी लाटा निळ्या उजळतात. ती चमक समुद्रातले सूक्ष्म जीव स्वतः रसायनांतून निर्माण करतात, तिला बाहेरचा प्रकाश लागत नाही. आपल्याला हवी असलेली चमक निराळी, तिचं नाव प्रतिदीप्ती. अतिनील दिव्याखाली नोटेवरचे अंक उजळतात किंवा पावडरीत धुतलेला पांढरा सदरा निळसर झळकतो, ती ही. रेणू जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा हलण्याडुलण्यात घालवतो आणि उरलेली काही अब्जांश सेकंदांत कमी ऊर्जेचा प्रकाश म्हणून परत देतो. जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली हे नीट उलगडून सांगितलं.

या चमकेचं एक वैशिष्ट्य आपल्या फार कामाचं आहे: ती शेजाऱ्याप्रमाणे बदलते. थायोफ्लेविन-टी हा रंग घ्या. त्याच्या रेणूचे दोन भाग एका बंधाभोवती गरगर फिरतात, त्यामुळे मोकळ्या पाण्यात शोषलेली सगळी ऊर्जा फिरण्यातच जाते आणि तो जवळजवळ अंधारा राहतो. अमायलॉइडच्या तंतूच्या खाचेत अडकला की फिरणं थांबतं आणि तो झळाळून उठतो. १९५९ पासून तो अमायलॉइड दाखवायला वापरला जातोय. मात्र त्याला तंतू दिसतो. सुटी साखळी, आणि तीही चाळीसची की बेचाळीसची, हे तो सांगू शकत नाही.

नॅनोकण इथे उपयोगी पडतात, कारण त्यांचा पृष्ठभाग हवा तसा घडवता येतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो, आणि या क्वांटम डॉट्सच्या कामासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मुंगी बावेंडी, लुईस ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. त्या कणांत बहुधा कॅडमियम असतं, म्हणून पुष्कळ जण आता २००४ साली सापडलेल्या कार्बन डॉट्सकडे किंवा सेंद्रिय रेणूंच्या कणांकडे वळले आहेत. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथल्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रतिदीप्तीवर काम करणारी एक प्रयोगशाळा अशा सेंद्रिय नॅनोकणांवर बरीच वर्षं संशोधन करतेय. पाण्यात न विरघळणारा चमकता रेणू अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवायचा आणि तो थोडा थोडा पाण्यात सोडायचा, की रेणू एकत्र येऊन कण बनतात. धातूंचे आयन किंवा औषधांचे रेणू जवळ आले की या कणांची चमक मंदावते वा वाढते, त्यावरून त्यांचं प्रमाण काढता येतं. रोगाचं पेप्टाइड ओळखणं ही याच रस्त्यावरची पुढची, बरीच चढणीची मजल.

चढण का, ते पाहा. चाळीस आणि बेचाळीस या दोन्ही साखळ्यांवरचा विद्युतभार सारखाच असतो, कारण जास्तीची दोन अमिनो आम्लं भाररहित आहेत. म्हणजे नुसत्या भाराला प्रतिसाद देणारा कण दोघींना एकच समजणार. थोडा अधिक तेलकट पृष्ठभाग असलेला कण बेचाळीसला जरा जास्त ओढेल, पण चाळीसलाही थोडा ओढेलच. कुठलाही एक कण नेमका निर्णय देत नाही. प्रतिपिंडाचा विचार ‘एका कुलपाला एक किल्ली’ असा; इथे किल्लीच नाही.

हापूसची पेटी उघडून रत्नागिरीचा आंबा कोणता आणि कर्नाटकातला कोणता, हे सांगणाऱ्या जाणत्या आडत्याकडे तरी कुठे किल्ली असते? वास, सालीचा पोत, देठाजवळचा खळगा, हातातलं वजन यांतली कुठलीही एक खूण फसवू शकते. सगळ्या मिळून क्वचितच फसवतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या व्हिन्सेंट रोटेलो यांच्या गटाने २००७ साली प्रथिनांसाठी हाच विचार अमलात आणला. त्यांनी सोन्याचे सहा प्रकारचे नॅनोकण घेतले, प्रत्येकाचा पृष्ठभाग निराळा. त्यांवर एक चमकणारा पॉलिमर चिकटवला; सोन्याला चिकटला की तो विझतो. प्रथिन आलं की ते पॉलिमरला कमीजास्त ढकलून आपण कणावर बसतं आणि सुटलेला पॉलिमर पुन्हा चमकतो. सहा कणांवर सहा वेगवेगळ्या प्रमाणांत चमक परतते. हे सहा आकडे मिळून त्या प्रथिनाची ओळख. सात प्रथिनांच्या अनोळखी नमुन्यांपैकी सुमारे ९४ टक्के त्यांना अचूक ओळखता आले. या तंत्राला ‘रासायनिक नाक’ म्हणतात. आजची पेप्टाइड ओळखणारी संवेदकांची मांडणी याच घराण्यातली आहे. तिचा आणखी एक गुण: सुटी साखळी, पुंजका आणि तंतू यांचे पृष्ठभाग वेगळे असल्याने तिला साखळीची लांबीच नव्हे, तर आजाराची मजलही ओळखायला शिकवता येईल.

सहा आकड्यांवरून ओळख कशी पटते, त्याचं गणित मात्र आपल्या घरचं आहे. प्रत्येक नमुना म्हणजे सहा मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानायचा. चाळीसवाल्या नमुन्यांचे बिंदू एका ठिकाणी गोळा होतात, बेचाळीसवाल्यांचे दुसरीकडे. नवा बिंदू कोणत्या घोळक्याच्या जवळ, हे ठरवायचं. पण जवळ म्हणजे किती, हे साध्या मोजपट्टीने कळत नाही, कारण काही कणांच्या चमकेत मुळातच चढउतार जास्त, आणि काहींची चमक एकमेकींबरोबरच वरखाली होते. या सगळ्याचा हिशेब धरणारं अंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलं, ते जगभर महालनोबिस अंतर म्हणून वापरलं जातं. त्यांना ते सुचलं माणसांच्या मापांवरून: नाकाची रुंदी, डोक्याची लांबी अशा अनेक मोजमापांवरून दोन मानवसमूह एकमेकांपासून किती दूर, हा त्यांचा प्रश्न होता. महाराष्ट्रात अशीच मोजमापं इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी केली. त्यांचं पुस्तक १९५१ साली डेक्कन कॉलेजने काढलं. इरावतीबाई या महर्षी कर्व्यांच्या सूनबाई, आणि महर्षी मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. माणसांच्या कवट्या मोजताना घडलेलं गणित आज रेणूंच्या शेपट्या ओळखतंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता अडचण. वाचकाला ती न सांगणं हा अप्रामाणिकपणा ठरेल, कारण वर्तमानपत्रांत ‘एका थेंबात अल्झायमरचं निदान’ असे मथळे अधूनमधून येतात. या मांडण्यांचे बहुतेक प्रयोग स्वच्छ क्षारद्रावणात होतात, जिथे कण आणि पेप्टाइड यांच्याखेरीज तिसरं कुणी नसतं. रक्तात अल्ब्युमिन हे एकच प्रथिन मिलिलिटरला सुमारे ४० मिलिग्रॅम असतं. बेचाळीसवालं अमायलॉइड तिथे काही दशक पिकोग्रॅम, म्हणजे अल्ब्युमिन वजनाने जवळजवळ शंभर कोटी पट. नॅनोकण रक्तात टाकल्याबरोबर क्षणात त्याच्या अंगावर अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनांचं जाड आवरण चढतं, आणि ज्याला शोधायला पाठवलं ते त्या गर्दीत कणापर्यंत पोचतच नाही. यावर उपाय आहेत. आधी पेप्टाइड गाळून वेगळं काढायचं. पण त्यासाठी पुन्हा प्रतिपिंडं लावलेले चुंबकीय मणी वापरले, तर टाळलेला खर्च मागच्या दाराने परत येतो. किंवा चढलेल्या आवरणालाच पुरावा मानायचं: आजारी आणि निरोगी माणसाच्या रक्तातलं आवरण थोडं निराळं असेल, तर चमकेचा नकाशाही निराळा येईल. हा दुसरा मार्ग मला जास्त आशादायक वाटतो, पण जास्त धोक्याचाही.

धोका असा. नकाशा ओळखायला शिकवलेली यंत्रणा आपण दाखवू तेच शिकते. समजा आजारी माणसांचे नमुने दवाखान्यात दोन वर्षं गोठवून ठेवलेले आहेत आणि निरोगी माणसांचे कालच घेतलेले. यंत्रणा दोन गट झकास वेगळे करून दाखवेल. फक्त तिने ओळखलेलं असेल ते शीतकपाटातलं वास्तव्य, अल्झायमर नव्हे. शिवाय अमायलॉइड बीटा साध्या प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीला चिकटतं. नळी बदलली की आकडा बदलतो. मूत्रपिंड मंदावलेल्या माणसाच्या रक्तात या पेप्टाइडांचं प्रमाण मेंदूचा काही संबंध नसताना वाढतं. नमुने थोडे आणि मोजमापं पुष्कळ असली, की संख्याशास्त्र नसलेले फरकही शोधून देतं. म्हणून अशा कुठल्याही निष्कर्षासमोर माझा पहिला प्रश्न चमकेबद्दल नसतो; नमुने कुणाचे, किती, आणि ओळखणाऱ्याला आधी न दाखवलेल्या वेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांवर पडताळा घेतला का, हा असतो.

मूळ रेणूच्या अभ्यासात मात्र मुंबई मागे नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती यांच्या गटाने प्रतिदीप्तीच्याच साहाय्याने अमायलॉइड बीटाचे अगदी छोटे पुंजके पाहिले: ते केवढे असतात, पेशीच्या पटलाला कसे चिकटतात. पवईच्या आयआयटीत समीर माजी आणि त्यांचे सहकारी पार्किन्सनमधल्या अल्फा-सायन्युक्लिनवर काम करतात. हे प्रथिन तंतू बनण्याआधी द्रवाच्या थेंबांसारखं गोळा होतं, हे त्यांनी २०२० साली दाखवलं. माजींचा सहभाग असलेल्या २००९ सालच्या एका संशोधनातून दिसलं, की पीयूषिका ग्रंथीतली कित्येक संप्रेरकं शरीर अमायलॉइडच्याच रूपात साठवून ठेवतं. म्हणजे अमायलॉइडची घडण मुळात रोगट नाही. तिच्यावरचा ताबा सुटला की रोग होतो. रोगाचं पेप्टाइड ओळखणारा संवेदक घडवताना ही गोष्ट विसरून चालणार नाही, कारण शरीरात निरुपद्रवी अमायलॉइडही आहे आणि चमकता कण दोघांना सारखाच भुलू शकतो.

या तिन्ही ठिकाणांना, कोल्हापूर, कुलाबा आणि पवईला, अजून न मिळालेली एक गोष्ट रत्नागिरीकडे आहे. रक्तचाचण्यांच्या सीमारेषा, म्हणजे कितीखाली आजार आणि कितीवर निरोगी, या प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या माणसांवरून ठरल्या. कोकणातली सत्तरीची बाई निराळी आहे: आहार मासे-भाताचा, शाळा पाहिली असेल-नसेल, मधुमेह कदाचित निदानाशिवाय अंगात, आणि तिचा मुलगा साडेतीनशे किलोमीटरवर. निदान पक्कं झालेल्या आणि पूर्ण निरोगी अशा इथल्या माणसांचे, एकाच तऱ्हेच्या नळ्यांत, एकाच तऱ्हेने गोठवलेले नमुने कुठल्याही मांडणीला शिकवायला लागतील. ते जमवणं नॅनोकण बनवण्यापेक्षा अवघड आहे. त्याला वाडीवाडीत फिरणारी आशा कार्यकर्ती, गावातला डॉक्टर आणि संमती समजावून सांगणारा धीर लागतो. रत्नागिरी शहरात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा कामासाठी त्याहून योग्य जागा मला सुचत नाही.

तोवर गावच्या डॉक्टरच्या हातात काहीच नाही, असं नाही. स्मृती ढासळवणारी काही कारणं अल्झायमरसारखी दिसतात पण सुधारता येतात: ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचं मंदावणं, न ओळखलेलं नैराश्य, काही आठवड्यांपूर्वी अंगणात पडल्यावर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक. पहिल्या दोन्हींसाठी साधी रक्तचाचणी पुरते आणि तिचा नमुना तालुक्याच्या गावी घेतात. नैराश्यासाठी तासभर बोलणं लागतं, साचलेल्या रक्तासाठी सीटी स्कॅन, आणि गोळ्यांसाठी उशाखालची पिशवी उघडून त्यातल्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवणं.